बटरफ्रीचं सहा लेव्हलचं राज्य आणि त्याच्या बाजूने माझं म्हणणं

पोकेमॉन, म्हणजे त्याच नावाचे प्राणी पकडून, वाढवून लढवायचा गेम, खेळणाऱ्या आमच्या मंडळींत एक तक्रार कायम ऐकू येते. सुरुवातीलाच तगडा पोकेमॉन हातात आला की गेमचा तोल गेला, मजा संपली, कंपनीने त्याला कमजोर करायला हवं होतं. मला हे अजिबात पटत नाही. सुरुवातीच्या ताकदीने गेम बिघडत नाही. ती ताकद न कमावता मिळाली आणि शेवटपर्यंत उतरलीच नाही, तर बिघडतो. हे दोन वेगळे मुद्दे आहेत आणि आपण ते एकाच पोत्यात भरतो, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी बटरफ्री, कारण माझ्या मते या अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात हुशारीने बेतलेलं पात्र तेच आहे.

1996 साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या गेममध्ये प्रत्येक पोकेमॉनचे पाच मूळ आकडे असायचे: एचपी (जीव), अटॅक, डिफेन्स, स्पीड आणि स्पेशल (खास शक्तीच्या हल्ल्यांचा जोर आणि त्यांच्यापासूनचा बचाव). यांची बेरीज केली की ताकदीचा ढोबळ अंदाज येतो. सुरुवातीला निवडायला मिळणारे तिघे, बल्बासॉर, चारमँडर आणि स्क्वर्टल, 250 च्या आसपास आहेत. जंगलात सापडणारी कॅटरपी ही अळी त्यांच्यापुढे काहीच नाही. पण ती सातव्या लेव्हलला मेटापॉड होते, दहाव्या लेव्हलला बटरफ्री होते आणि बेरीज जाते 305 वर. म्हणजे दहाव्या लेव्हलला तुमच्या लाडक्या चारमँडरपेक्षा हे फुलपाखरू सरळसरळ वरचढ असतं.

आता पुढचं बघा. सोळाव्या लेव्हलला ते तिघे बदलतात. आयव्हीसॉर, चारमेलियन, वॉर्टॉर्टल, तिघांचीही बेरीज 325. बटरफ्री 305 वरच, कारण त्याला पुढचं रूपच नाही. दहा ते सोळा, एवढंच त्याचं राज्य. तेवढ्यात त्याच्या जिवावर तुम्ही पहिला जिम (म्होरक्याला हरवून पार करायचा टप्पा) काढायचा, आणि मग तो आपसूक मागच्या रांगेत जातो. कुणी त्याला कमजोर केलं नाही, कुठला नियम आडवा घातला नाही. ताकद देतानाच तिची मुदत ठरवून दिली.

आणि तरी तो टाकाऊ होत नाही, हे मला फार आवडतं. पुढे तो स्लीप पावडर शिकतो, आणि झोपलेला पोकेमॉन पकडायला सोपा जातो. जोर ओसरला तरी टीममध्ये त्याला काम उरतं.

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. पारा चाळिशीच्या वर, जुळे सोलापूरचे रस्ते अकरालाच ओस. सुट्टीला आलेला माझा भाचा कूलरसमोर आडवा पडून मोबाइलवर पोकेमॉन यलो खेळत होता. कार्टूनमुळे त्याला पिकाचूच हवा होता, आणि यलोमध्ये तोच पहिला मिळतो. गाडी अडली पहिल्या जिमच्या म्होरक्याकडे, ब्रॉककडे. ब्रॉकचे दोन्ही पोकेमॉन, जिओड्यूड आणि ओनिक्स, दगड आणि जमीन या प्रकारांचे. जमिनीच्या पोकेमॉनवर विजेचा झटका चालतच नाही. अर्धा नाही, पाव नाही, शून्य. पिकाचूचे साधे हल्लेही दगडावर निम्म्यानेच लागतात. आणि ओनिक्सचा डिफेन्स 160 आहे. पोरगं हरायचं, चिडायचं, परत पिकाचूच पुढे करायचं.

मी त्याला उत्तर सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "ओनिक्सचा डिफेन्स लई आहे रे, पण स्पेशल किती असेल बघ की." स्पेशल आहे फक्त 30. तो जंगलात परत गेला, कॅटरपी पकडली, दहाव्या लेव्हलपर्यंत नेली. यलोमध्ये बटरफ्री होताच त्याला कन्फ्यूजन हा हल्ला मिळतो, आणि कन्फ्यूजनचा मार डिफेन्सवर नाही, स्पेशलवर पडतो. त्या भल्यामोठ्या दगडी सापाची हिरवी पट्टी एकेका वाराला मोठमोठ्या टप्प्यांनी खाली यायला लागली तेव्हा पोरगं ताडकन उठून बसलं. "मामा, ह्याला काहीच करता येईना की!" ओनिक्सकडे तेव्हा दगडाचा एकही हल्ला नसतो, त्यामुळे फुलपाखराला त्याची भीती नव्हती.

त्या क्षणी बटरफ्री 'ओव्हरपॉवर्ड' होता का? होता. आणि असायलाच हवा होता. ती ताकद त्याने शोधून काढली होती, कुणी हातात ठेवली नव्हती.

यलो बनवताना गेम फ्रीकने किती विचार केलाय हे खेळताना लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. पिकाचू सक्तीचा आणि पहिलाच जिम त्याच्या मुळावर येणारा, ही अडचण त्यांना ठाऊक होती. मग त्यांनी पहिल्या शहरांजवळच मँकी ठेवला, जो मारामारी प्रकारचा आहे आणि दगडाला भारी पडतो. निडोरान या पोकेमॉनची डबल किक, हाही मारामारीचाच हल्ला, आधी चाळिशीच्या पुढे मिळायची, ती बाराव्या लेव्हलवर आणली. ब्रॉकच्या ओनिक्सची लेव्हल 14 वरून 12 केली. एका अडचणीला इतक्या वाटा, आणि एकीवरही पाटी नाही. 2004 च्या फायररेडमध्येही हेच दिसतं. चारमँडर निवडणाऱ्याला ब्रॉक जड जायचा, तर तिथे चारमँडरला तेराव्या लेव्हललाच मेटल क्लॉ हा दगडाला भारी पडणारा हल्ला दिला.

ताकदीची किंमत वसूल करायची दुसरी तऱ्हा म्हणजे मॅजिकार्प. माउंट मूनच्या अलीकडे एक माणूस 500 रुपयांना हा मासा विकतो (रुपये आपलं म्हणायला, तिकडचं चलन वेगळं). बेरीज 185, सुरुवातीला फक्त उड्या मारतो, नुकसान शून्य. पण विसाव्या लेव्हलला त्याचा ग्यारॅडोस होतो आणि बेरीज 480. त्याच पिढीतल्या चारिझार्डची बेरीज 425, आणि तो छत्तिसाव्या लेव्हलला मिळतो. म्हणजे ग्यारॅडोस अतिशय लवकर, अतिशय तगडा. तरी तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, कारण त्याची किंमत तुम्ही भरलेली असते. विसाव्या लेव्हलपर्यंत त्याला 10,000 अनुभवगुण लागतात, आणि तोवर त्याला पुढे करून लगेच मागे घ्यायचं काम तुमच्याकडे. बटरफ्रीला दहाव्या लेव्हलपर्यंत 1,000 पुरतात. एकाची किंमत आधी, दुसऱ्याची नंतर. मला दोन्ही हिशेब चोख वाटतात.

स्पर्धेचं गणित वेगळं आहे, हे मान्य. समोर माणूस असेल तर एकाची मजा दुसऱ्याची सजा होते. 2013 च्या एक्स-वायमध्ये टॅलनफ्लेम या पोकेमॉनचा उडण्याच्या प्रकारातला प्रत्येक हल्ला आधी लागायचा. 2016 च्या सन-मूनमध्ये ती क्षमता एचपी पूर्ण भरलेला असतानाच चालेल अशी केली. लिटल कप या स्पर्धाप्रकारात सगळे पाचव्या लेव्हलचे असतात, तिथे थेट 40 नुकसान करणारा ड्रॅगन रेज हा हल्ला बंद केला गेला. हे योग्यच. पण स्पर्धेतला हा चष्मा लावून एकट्याने खेळायच्या गोष्टीचे पहिले दोन तास मोजू नका, एवढं माझं म्हणणं.

मग तोल खरा कुठे गेला? माझ्या मते एक्स्प. शेअरच्या सक्तीत. एक्स-वायपासून हे साधन चालू असलं की लढणाऱ्याला पूर्ण अनुभव मिळायचा आणि बाकी टीमला निम्मा. पण ते बंद करता यायचं. 2019 च्या सोर्ड-शील्डमध्ये बंद करायचं बटणच गेलं. पंगतीत ताटावर हात आडवा धरला तरी वाढपी वाढतच जातो, तसं झालं. टीममधला प्रत्येक जण आपोआप वाढतो, दुसऱ्या-तिसऱ्या जिमपर्यंत समोरच्यापेक्षा तुमचीच लेव्हल जास्त. आता सांगा, इथे बटरफ्रीची मुदत कशाला उरली? मॅजिकार्पची किंमत कोण भरतो? तो मागे बसून ग्यारॅडोस होतो, लढाईत एकदाही न उतरता. 2021 साली डायमंड-पर्लची नवी आवृत्ती आली तीही तशीच, बटणाविना. मूळ 2006 च्या गेमला मी जीव लावलेला, त्यामुळे ते जास्तच लागलं.

याला उपाय नव्हता असंही नाही. 2010 च्या ब्लॅक-व्हाइटमध्ये तुमची लेव्हल समोरच्यापेक्षा जास्त असेल तर अनुभव कमी मिळायचा आणि कमी असेल तर जास्त. मागे पडलेला पटकन वर यायचा, पुढे गेलेल्याला लगाम बसायचा.

पोकेमॉन गोचंही थोडं बोलतो, कारण सोलापुरात आपल्यातले बहुतेक जण तिथूनच आले. 14 डिसेंबर 2016 ला ते रिलायन्स जिओच्या साथीने भारतात अधिकृतपणे आलं, आणि त्या हिवाळ्यात संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी, पार्क चौकात मोबाइल पुढे धरून चालणारी पोरं दिसायची. गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीतही चालायची. तिथे जंगली पोकेमॉनची लेव्हल तुमच्या लेव्हलला बांधलेली असते, पण रेडमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून एका तगड्या पोकेमॉनशी करायच्या लढाईत, जिंकून पकडलेला पोकेमॉन लेव्हल 20 चा असतो, हवामान जुळलं तर 25 चा, मग तुम्ही नवे असलात तरी. चार अनुभवी लोकांबरोबर उभं राहिलेल्या नवख्या पोराला थेट लुगियासारखा दुर्मीळ पोकेमॉन मिळायचा. मला यात काही गैर दिसत नाही. उलट त्या एका लुगियामुळे पोरगं दुसऱ्या दिवशी परत यायचं, आणि ओळख नसलेल्या दादा-ताईंशी बोलायला शिकायचं. मोठ्या शहरांइतके पोकेस्टॉप (गेममधलं सामान मिळायच्या जागा) आपल्याकडे नव्हते, तेव्हा टिकून राहिलेले लोक असेच टिकले.

त्यामुळे नवीन गेम आला की 'हा सुरुवातीचा पोकेमॉन फार भारी आहे, कमी करा' अशी मागणी करणाऱ्यांत मी नाही. भारी ठेवा. दहाव्या लेव्हलच्या पोराला दहाव्या लेव्हलचा राजा भेटू द्या. माझी मागणी एवढीच आहे की एक्स्प. शेअरचं ते बटण परत आणा. ज्याला वेळ कमी आहे, नोकरी-संसार सांभाळून खेळायचं आहे, त्याने ते खुशाल चालू ठेवावं. माझा भाचा आणि मी ते बंद ठेवू.