'एकही पार्ट न बदलता बिल लावलं' या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की आम्ही गाडी अडकवून ठेवली, ट्रायलच्या नावाखाली फिरवली, शेवटी नुसता गंज घासला आणि एकही पार्ट न बदलता पैसे घेतले. शिवाय दुसऱ्या एका मेकॅनिकनं तुम्हाला सांगितलं की हे एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक (जाम) होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, फ्यूज काढून पाच मिनिटांत होणारं काम होतं. बिलात पार्टच्या रकान्यात काहीच नाही, हे खरं आहे. तपासणी आणि मजुरी, एवढंच आहे. ती कशाची, ते इथं सविस्तर लिहितो, कारण असाच त्रास असलेले आणखी लोक हे वाचतील.

गाडी आमच्याकडे आली तेव्हा तुमची तक्रार अशी होती: पोवई नाक्यावर गर्दीत गाडी थांबत आली की ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरतं, बॉनेटमधून कर्रर्र आवाज येतो आणि गाडी थांबायच्या ऐवजी हातभर पुढं सरकते. रस्ता कोरडा, वेग पंधराच्या आत आणि मिटरमध्ये एबीएसचा दिवा नाही. त्याआधी दुसरीकडे पॅड आणि डिस्क बदलून झाल्या होत्या. एका ठिकाणी तर एबीएसचं अख्खं मॉड्यूल बदलायचं एस्टिमेट दिलं होतं. तो कागद तुम्हीच मला दाखवलात.

आम्ही स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही. इथंच बहुतेक ठिकाणी हा फॉल्ट हातातून सुटतो. तुमच्या गाडीत चाकांचा वेग मोजणारे जुन्या पद्धतीचे सेन्सर आहेत, चुंबकाभोवती गुंडाळलेली कॉईल. समोरून दातेरी रिंग फिरते आणि कॉईलमध्ये वीज तयार होते. सायकलच्या डायनामोचंच तत्त्व: चाक जोरात फिरलं की दिवा लख्ख, हळू फिरलं की मिणमिणता. सेन्सर आणि रिंग यांच्यातली फट साधारण एक मिलिमीटरची असते. ती थोडी जरी वाढली तरी चाळीसच्या वेगाला काहीच कळत नाही, पण आठ-दहाला सिग्नल इतका बारीक होतो की एबीएसच्या कॉम्प्युटरला तो दिसेनासा होतो. तीन चाकं फिरताहेत आणि चौथं शून्यावर, असं त्याला वाटतं. म्हणजे चाक लॉक झालं! मग तो नेमून दिलेलं काम करतो, त्या चाकाचा ब्रेक सोडतो. तुमची गाडी पुढं सरकत होती ती यामुळं.

दिवा का लागत नाही? स्टार्ट करताना सिस्टीम सेन्सरची वायर तुटलीय का, शॉर्ट झालीय का, एवढंच बघते. ते सगळं ठीक होतं. चालत्या वेगात चारही चाकांचे आकडे जुळत होते. आणि ब्रेक दाबताना एक चाक शून्यावर येणं हा तिच्या लेखी बिघाडच नाही, कारण त्यासाठीच तर ती बसवलेली आहे.

म्हणून ट्रायल. सकाळी एमआयडीसीचा रस्ता मोकळा असताना एक माणूस गाडी चालवतो, दुसरा स्कॅनरवर चारही चाकांचे वेग बघतो. आकडे जरा उशिरा बदलतात, त्यामुळं ब्रेक अगदी हलका, लांबवर दाबत न्यावा लागतो, तोही पुन्हा पुन्हा. पुढचं डावं चाक बाकीच्यांच्या आधी शून्यावर पडतंय हे दिसल्यावर गाडी उचलून टायर, बेअरिंगचा खेळ, वायर, कनेक्टर पाहिले. सेन्सरचा रेझिस्टन्स बरोबर होता, त्यावर थांबलो असतो तर फसलो असतो. मग चाक हातानं फिरवून सिग्नलची लाट पाहिली. रिंगला चीर असती तर प्रत्येक फेऱ्याला एकदा झटका दिसला असता. इथं लाट एकसारखी होती, पण बुटकी, उजव्या बाजूच्या निम्म्याहून कमी. तेव्हा कुठं सेन्सरला हात लावला.

सेन्सर बसतो त्या जागेवर गंजाचे पापुद्रे साठले होते आणि त्यांनी सेन्सर वर उचलला होता. गाडी आधी रत्नागिरीला होती असं तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात, खाऱ्या हवेत हे होतं. २००५ साली अमेरिकेत जनरल मोटर्सनं आठ लाखांच्या आसपास पिकअप आणि एसयूव्ही नेमक्या याच दोषासाठी परत बोलावल्या होत्या, बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात त्या राज्यांतल्या. तिथं पुढच्या चाकांच्या सेन्सरखाली गंज धरत होता आणि हळू वेगात एबीएस उगाच चालू होत होतं. इतक्या मोठ्या कंपनीला ज्यासाठी गाड्या परत घ्याव्या लागल्या, ते 'नुसता गंज घासणं' नाही, सर.

गंजून धरलेला सेन्सर घाईनं ओढला तर हमखास तुटतो. आमच्या पोरानं तो थोडाथोडा हलवत, तेल सोडत अख्खा बाहेर काढला. तुटला असता तर बिलात एक पार्ट दिसला असता आणि कदाचित तुम्हाला ते बिल जास्त खरं वाटलं असतं. जागा धातू दिसेपर्यंत साफ केली, गंजरोधक लावलं, तोच सेन्सर परत बसवला. उजव्या बाजूलाही गंजाची सुरुवात होती, तीही साफ केली, तिचे वेगळे पैसे लावले नाहीत.

आता फ्यूजचं. तपासणीत आम्हीही फ्यूज काढला होता. थरथर बंद झाली, म्हणजे दोष ब्रेकच्या यांत्रिक भागात नसून एबीएसमध्ये आहे एवढी खात्री झाली. त्याचा उपयोग तेवढाच. गाडी देताना तो जागेवर होता. फ्यूज काढला की एबीएससोबत पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणी सांभाळणारी यंत्रणाही बंद पडते, आणि जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी आडवी फिरू शकते. पावसात यवतेश्वरचा घाट उतरताना समोर अचानक कुणी आलं तर काय होईल, या विचारानंच मला ते पटत नाही. एप्रिल २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. अशी यंत्रणा बंद करून गाडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, हे माझ्या गॅरेजमध्ये होणार नाही, मग त्यासाठी अजून कितीही एक स्टार मिळोत.

बिल कमी करणार नाही, कारण काम तेवढं झालं आहे. पण ते त्या मॉड्यूलच्या एस्टिमेटशेजारी ठेवून बघा, ही विनंती. मॉड्यूल बदललं असतं तरी तो गंज तिथंच राहिला असता आणि पेडल तसंच थरथरलं असतं. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा स्कॅनरचा आलेख आमच्याकडे आहे, कधीही येऊन बघा, सोबत तुमच्या त्या मेकॅनिकलाही आणा.

समुद्राकाठच्या गाडीत गंज पुन्हा धरू शकतो, म्हणून पावसाळा संपला की एकदा पुढची दोन्ही चाकं काढून बघायला गाडी आणा. त्याची मजुरी घेणार नाही. त्याआधी पेडल परत थरथरलं तर फोन न करता सरळ या, तुमची गाडी आधी घेऊ.