कक्ष तापमान म्हणजे हरित रसायन नव्हे

धातूच्या उत्प्रेरकांमुळे कार्बन-नायट्रोजन बंध कक्ष तापमानालाच जुळतात, म्हणून ही पद्धत आपोआप पर्यावरणस्नेही ठरते, उत्प्रेरक खर्च होत नसल्याने तो पदार्थात उरत नाही आणि तांबे वापरले की पॅलेडियमची गरजच संपते, असे विधान सध्या फार फिरते आहे. त्यातला पहिला भाग पुष्कळ अंशी खरा आहे. उलमान यांनी १९०३ मध्ये मांडलेल्या तांब्याच्या पद्धतीला सामान्यतः २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावे लागे. १९९८ मधील चान-लॅम अभिक्रियेत मात्र अरिल बोरॉनिक आम्ल (बेंझीनसारख्या वलयाला म्हणजे अरिल गटाला बोरॉन जोडलेले संयुग) आणि अमाइन (नायट्रोजनयुक्त संयुग) तांब्याच्या साहाय्याने हवेच्या संपर्कात, न तापवता जोडता येतात. त्यावरून काढलेले निष्कर्ष टिकत नाहीत.

पहिला निष्कर्ष हरितपणाचा. तापमान फक्त उष्णतेचा हिशेब सांगते, कचऱ्याचा नाही. चान-लॅममध्ये बोरॉनिक आम्ल बरेचदा जास्तीचे घालावे लागते, आणि ते आम्लही बहुधा अरिल हॅलाइडपासूनच (त्याच वलयाला क्लोरीन, ब्रोमीनसारखा हॅलोजन जोडलेले संयुग) आधी बनवलेले असते, म्हणजे एक पायरी नजरेआड राहते. पॅलेडियम वापरून अरिल हॅलाइड आणि अमाइन जोडणाऱ्या बुखवाल्ड-हार्टविग अभिक्रियेत किमान एक तुल्यांक (अभिकारकाच्या रेणूंइतकी) आम्लारी लागते आणि तिचा क्षार शेवटी उरतोच. द्रावक तर या चर्चेत कोणी मोजतच नाही; औषधनिर्मितीत वस्तुमानाचा सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो.

दुसरा निष्कर्ष म्हणजे व्याख्या आणि भांडे यांतली गल्लत. चक्र पूर्ण झाले की उत्प्रेरक मूळ रूपात परततो हे खरे, पण प्रत्यक्षात पॅलेडियम काळ्या भुकटीच्या रूपाने बाहेर पडते, किंवा नायट्रोजनच्या एकाकी इलेक्ट्रॉन-जोडीला धरून उत्पादनातच अडकून बसते. म्हणूनच तोंडावाटे घ्यायच्या औषधांत पॅलेडियमची मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम ठरवलेली आहे. तांब्याची ३,००० आहे.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात: तांबे स्वस्त आहे, पण अनेकदा ते पॅलेडियमपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात घालावे लागते, आणि अरिल क्लोराइडसारख्या आळशी अभिकारकांपुढे ते सहसा अडखळते.

तांब्याची खरी करामत निवडकपणात आहे. अझाइड (तीन नायट्रोजन ओळीने असलेले संयुग) आणि टोकाशी तिहेरी बंध असलेले अल्काइन नुसते तापवले तर ट्रायझोल हे तीन नायट्रोजनांचे वलय बनते, पण त्यावरील गटांच्या जागांनुसार १,४ आणि १,५ अशा दोन्ही प्रकारांचे मिश्रण मिळते. २००२ मध्ये मेल्डाल आणि शार्पलेस यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की तांबे(१), म्हणजे +१ प्रभाराचे तांबे, असेल तर केवळ १,४ मिळते. मिश्रण वेगळे करण्याचे द्रावक आणि श्रम तिथे खरोखर वाचतात.