‘तीन शाखांचे विषय जोडा, किट द्या’ एवढ्याने रोबोटिक्सची पदवी होत नाही

प्रवेशाच्या दिवसांत मराठवाड्यात एक मेसेज जोरात फिरतोय: ‘रोबोटिक्सला वेगळा अभ्यासक्रम कशाला? मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरचे विषय एकत्र करा, अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) किट द्या. गणित सॉफ्टवेअर करतं. आणि कारखान्यांना शेवटी ऑपरेटरच लागतात.’ यातला एकही मुद्दा टिकत नाही.

‘विषय एकत्र केले की झालं.’ विषय कोणते, याइतकंच ते कोणत्या क्रमाने येतात हे महत्त्वाचं. पहिल्या वर्षी मॅट्रिक्स पक्कं झालं नाही, तर पुढे कायनेमॅटिक्सची (सांध्यांच्या कोनांवरून रोबोच्या हाताची जागा काढण्याच्या गणिताची) निव्वळ घोकंपट्टी होते. अमेरिकेत वुस्टर पॉलिटेक्निकने २००७ मध्ये रोबोटिक्सची पदवी सुरू केली. तिथे ‘युनिफाइड रोबोटिक्स’चे चार कोर्स आहेत, यंत्ररचना, सर्किट आणि प्रोग्रॅमिंग त्यांत एकत्रच शिकवतात.

‘किटवर मुलं आपोआप शिकतात.’ किट हवंच, पण हे बघा. एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारा सेन्सर) असलेल्या मोटरच्या गाडीवर वेगाचा पीआयडी लूप (मोजलेला वेग बघून मोटर सतत सावरणारा प्रोग्रॅम) दर १० मिलिसेकंदांनी चालवायचा आहे. आकडे दिसावेत म्हणून मुलं त्याच लूपमध्ये ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) सीरियल प्रिंट, म्हणजे आकडे कॉम्प्युटरला पाठवायची ओळ, टाकतात. एका अक्षराला साधारण १.०४ मिलिसेकंद, म्हणजे २५ अक्षरांना २६. उनो या अर्डुइनो बोर्डाचा ६४ बाइटचा बफर (पाठवायची अक्षरं साठवायची जागा) लगेच भरतो, प्रोग्रॅम अडून राहतो आणि लूप २६ मिलिसेकंदांवर जातो. कोडमध्ये मात्र वेळ १० च धरलेली. त्यामुळे मोजलेला वेग खऱ्याच्या २.६ पट दिसतो, लूप मोटर मंद करतो आणि गाडी रेंगाळते. मुलं तासन्‌तास गेन (पीआयडीचे आकडे) बदलत बसतात. गेनचा काही दोषच नसतो. लूप सुरू होताना बोर्डाची एक पिन चालू-बंद करून ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) बघितलं की चूक लगेच सापडते. मग ११५२०० बॉड ठेवा, दर दहाव्या फेरीलाच प्रिंट करा. म्हणूनच कंट्रोल आणि मायक्रोकंट्रोलर एकाच सत्रात हवेत, प्रात्यक्षिकही सामायिक हवं. दोन विभागांचं वेळापत्रक जुळवणं जिकिरीचं आहे, तरी ते जुळवायलाच हवं.

‘गणित सॉफ्टवेअर करतं.’ सहा सांध्यांचा रोबो-हात एकाच जागी आठ तऱ्हांनी पोचू शकतो. त्यातली कोणती घ्यायची, आणि मनगटाचे दोन अक्ष एका रेषेत आले की सांध्यांचा वेग एकदम का भडकतो, हे जेकोबियनशिवाय (सांध्यांचा वेग आणि टोकाचा वेग जोडणाऱ्या मॅट्रिक्सशिवाय) समजत नाही.

‘ऑपरेटरच लागतात.’ छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत रोबो बसवणारेही लागतात. वेल्डिंग टॉर्चच्या टोकाची रोबोतली नोंद २ मिलिमीटर चुकली, तर टॉर्च सरळ असताना काही जाणवत नाही. १८० अंश फिरवला की टोक ४ मिलिमीटर सरकतं आणि वेल्ड सांध्याबाहेर पडतो. त्यासाठी टोकदार पिन रोवून किमान चार कोनांतून टोकाला टोक भिडवायचं. हे आणि पीएलसीशी (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरशी) जोडलेलं सुरक्षा-दार सहाव्या सत्रातच शिकवावं. आठव्यावर ढकललं, तर मुलं त्याला हात न लावताच इंटर्नशिपला जातात.