सूट बघावा, मुडदे मोजू नयेत

ड्रग्जच्या धंद्यावरचा एखादा देखणा युरोपियन गँगस्टरपट पाहायला पावणेदोन तास लागतात. त्यावर मत द्यायला एक मिनिटही लागता कामा नये. पडद्यावर नावं सरकायला लागली की शेजारचा मित्र विचारणारच, "काय रे, कसा वाटला?" तेव्हा "जरा विचार करून सांगतो" म्हणालात, तर कट्ट्यावरची तुमची जागा गेलीच म्हणून समजा. म्हणून मतं आधी तयार ठेवा आणि चित्रपट नंतर बघा. नाही बघितलात तरी फारसं बिघडत नाही. पण पैसे भरलेच असतील तर बघून टाका.

सरावाला 'लेयर केक' घ्या. २००४ चा, लंडनचा, मॅथ्यू वॉनचा. ब्रिटन युरोपात धरायचं की नाही हे खुद्द ब्रिटिशांचंच ठरता ठरत नाही, तेव्हा तुम्ही त्या फंदात पडू नका. बिनदिक्कत 'युरोपियन सिनेमा' म्हणा. 'इंग्लिश पिक्चर' म्हटलंत की तुमची किंमत तिथल्या तिथे निम्मी होते.

पहिलं वाक्य ब्रिटिश दिग्दर्शक गाय रिचीवर टाकायचं. हा नियम आहे, त्याला अपवाद नाही. "गाय रिचीसारखाच आहे" म्हणा किंवा "गाय रिचीसारखा मुळीच नाही" म्हणा, दोन्हींना माना डोलतात. कारण दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. रिचीच्या 'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स' (१९९८) आणि 'स्नॅच' (२०००) या दोन्ही चित्रपटांचा निर्माता वॉनच होता. 'लेयर केक'ही रिचीच करणार होता. त्यानं अंग काढून घेतलं आणि निर्मातेसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा दिग्दर्शन केलं. एवढी माहिती सावकाश, खिडकीबाहेर बघत सांगितलीत की समोरचा गप्प. चित्रपटात काय होतं हे मग कुणी विचारत नाही.

भाषेचा प्रश्न येईल. लंडनी गुंड बोलतात ते लंडनच्या सगळ्यांना तरी कळतं की नाही, देव जाणे. त्यात यातला एक नट, कोम मीनी, डब्लिनचा. पहिल्या वीस मिनिटांत तुम्हाला 'यॅ' आणि 'मेट' याखेरीज काही कळणार नाही. सबटायटल्स लावा, पण लावली होती हे मेलात तरी सांगू नका. कुणी एखाद्या संवादाबद्दल विचारलंच, तर वेड घेऊन पेडगावला जायचं: "तो नाही रे, त्याच्या आधीचा बघ. त्यात खरी गंमत आहे."

यानंतर हुकमाचं पान: बॉण्ड. ऑक्टोबर २००५ मध्ये यातला नायक डॅनियल क्रेग नवा जेम्स बॉण्ड म्हणून जाहीर झाला, तेव्हा "पिवळ्या केसांचा बॉण्ड?" म्हणून जगभर बोंबाबोंब झाली होती. तुम्हीही तेव्हा नाकं मुरडली असतील, पण ते आता कुणाला आठवतंय? "मी 'लेयर केक' पाहिला तेव्हाच म्हणालो होतो, हा बॉण्ड होणार" असं छातीठोक सांगा. पुरावा मागायची आपल्याकडे पद्धत नाही. वर जोडून द्या की बेन विशॉ यात एका किडकिडीत पोराच्या भूमिकेत आहे, तोच पुढे 'स्कायफॉल'पासून बॉण्डला यंत्रं पुरवणारा क्यू झाला. टॉम हार्डीही आहे, आणि सॅली हॉकिन्सही. चेहरे ओळखण्याच्या नादात निम्मा चित्रपट निघून जातो, ही अशा चित्रपटांची मोठी सोय.

आता मुख्य विषय, म्हणजे नायक. त्याला नाव नाही. श्रेयनामावलीत नुसत्या चार फुल्या आहेत. तो कोकेनचा व्यापारी आहे, पण स्वतःला गँगस्टर समजत नाही. आपण धंदेवाईक माणूस, आपला माल कोकेन, बस्स. सुरुवातीलाच तो आपल्याला धंद्याचे नियम ऐकवतो. माणसं कमी ठेवा, नजरेत भरू नका, पुरवठादाराचे पैसे चोख आणि वेळेवर चुकते करा, हाव धरू नका, आणि मुख्य म्हणजे कुठे थांबायचं ते ओळखा. एखाद्या मॅनेजमेंटच्या प्राध्यापकानं ऐकलं तर वर्गात लावील, असा थाट.

इथे तुम्ही भारावून जायचं आहे. "काय क्लास माणूस आहे!" एवढंच म्हणायचं. पुढचं बघायचं नाही. कारण पुढे बघितलंत तर भलतंच दिसायला लागतं. थांबायचं ओळखणारा हा गृहस्थ आता निवृत्त होणार, एवढ्यात त्याचा बॉस जिमी प्राइस दोन कामं गळ्यात मारतो आणि हा मुकाट्यानं मान पुढे करतो. एक काम एडी टेम्पल नावाच्या बड्या धेंडाची हरवलेली मुलगी शोधायची. दुसरं, ड्यूक नावाच्या एका उंडग्या, आरडाओरडा करणाऱ्या गुंडाकडून दहा लाख एक्स्टसीच्या गोळ्या घ्यायच्या. असल्या माणसांपासून चार हात लांब राहा, असं दहा मिनिटांपूर्वी सांगत होता तो हाच. गोळ्या ॲमस्टरडॅममध्ये सर्बियन टोळीकडून लुटून आणलेल्या आहेत हे त्याला मागाहून कळतं. आणि हिशेबात इतक्या चोख माणसाचा अकाउंटंट त्याचेच पैसे घेऊन गायब झालेला असतो! शेवटी हा सभ्य व्यापारी जिमी प्राइसच्या घराच्या आवारात जाऊन त्याला गोळी घालतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पटकथा जे. जे. कॉनोली यांनी आपल्याच कादंबरीवरून लिहिली आहे, आणि पावणेदोन तास ती या माणसाची टर उडवते आहे, अशी दाट शंका तुम्हाला येऊ शकते.

ती शंका दाबून टाका. एकदा का नायक मूर्ख ठरला, की मग त्याच्या सुटावर, चालण्यावर, त्या थंड निळ्या डोळ्यांवर आपण भाळलो कसे हा प्रश्न उभा राहतो. तो फार गैरसोयीचा प्रश्न आहे. "व्यवस्थेत अडकलेला बुद्धिमान माणूस" हे शब्द पाठ करून ठेवा, कुठेही चालतात.

कॅफेच्या प्रसंगावर एक मत लागेलच. नायकाचा साथीदार मॉर्टी, एरवी शांत, भारदस्त माणूस. कॅफेत एक जुना ओळखीचा येऊन बसतो, लोचटपणे बोलू लागतो. काही जुना हिशेब आहे. आणि मॉर्टी त्याला मारायला लागतो, तो थांबतच नाही. पार्श्वभूमीला ड्युरान ड्युरान या बँडचं 'ऑर्डिनरी वर्ल्ड', गोड, हळवं. कॅमेरा मारणाऱ्याच्या दिशेनं असा धरला आहे, की जमिनीवरच्या माणसाच्या जागेवरून तुम्ही वर बघता आणि लाथ तुमच्या तोंडावर येते. म्हणजे दिग्दर्शकानं तुम्हाला मार खाणाऱ्याच्या जागी नेऊन झोपवलं आहे. माझ्या मते सबंध चित्रपटातली ही सर्वांत प्रामाणिक दोन मिनिटं. पण असलं काही बोलायचं नाही. "गाण्याचा वापर बघ काय केलाय!" म्हणायचं, आणि घरी जाताना ते गाणं गुणगुणायचं.

बायकांबद्दल मत द्यायची गरज नाही, कारण चित्रपटालाही नाही. सिएना मिलर येते, हॉटेलात जाते, संपते. जिच्या शोधासाठी अर्धं लंडन पालथं घालतात ती मुलगी कोण, कशी, हे कुणाला जाणून घ्यायचं नाही. "सिएना मिलर!" एवढा उद्गार पुरेसा आहे. पुरुषमंडळी तो न सांगताही काढतात.

सावध राहायचं ते गोळ्यांच्या बाबतीत. दहा लाख गोळ्या हा आकडा चित्रपटात पुन्हा पुन्हा येतो, भाव होतो, घासाघीस होते, त्यापायी माणसं मरतात. त्या गोळ्या कोण खाणार आहे? हा प्रश्न मनात आला तर उठून पाणी पिऊन या. नशा करणारा म्हणून ठसठशीत दिसतो तो किंकी नावाचा एक पोरगा, हरवलेल्या मुलीचा मित्र, आणि तो मेल्याचं कळल्यावर कुणाच्या चहात साखर कमी पडत नाही. उलट सुरुवातीला नायक एक सुंदर स्वप्न रंगवतो: एक दिवस हे सगळं कायदेशीर होईल आणि दुकानाच्या फळ्यांवर ब्रँडचं लेबल लावून विकायला येईल. ती फळी काय लखलखीत मांडली आहे! माल कुणी विचारत नाही, मांडणी बघतात. ब्रिटनच्या १९७१ च्या कायद्यात एक्स्टसी पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गात आहे आणि ती विकण्याला कमाल शिक्षा जन्मठेप, हे अशा वेळी आठवणं अरसिकपणाचं.

तरी एखादे काका असतातच: "या चित्रपटांनी पोरं बिघडतात." काकांशी वाद घालू नका. "काका, हे उदात्तीकरण नाही, भाष्य आहे" म्हणा. कशावर भाष्य ते काका विचारणार नाहीत. तोवर ते "आमच्या वेळी" वर आलेले असतात.

मंडळी मराठी असतील तर 'सत्या' निघणारच. "आपल्या भिकू म्हात्रेपुढे हे गोरे काय?" ही टाळीची जागा आहे, सोडू नका. 'सत्या' १९९८ चा, म्हणजे रिचीच्या पहिल्या चित्रपटाच्याच वर्षाचा, तेव्हा "आपण त्यांच्या बरोबरीनं होतो" असंही म्हणता येतं. 'सत्या'तली कमाई मुख्यतः खंडणीची, ड्रग्जची नव्हे, असं कुणी चोंबडेपणानं काढलं तर "मुद्दा तो नाहीये" म्हणून गप्प करा. मुद्दा कुठला ते कधीच सांगायचं नसतं.

शेवटाबद्दल. (चित्रपट वीस वर्षांहून जुना आहे. अजून पाहिला नसेल तर ती तुमची जबाबदारी.) सगळ्यांना पुरून उरलेला नायक हसत हसत बाहेर पडतो. माझं नाव तुम्हाला ठाऊक असतं तर तुम्हीही माझ्याइतकेच हुशार असता, असा टोमणा आपल्याला मारतो. पाठोपाठ पायऱ्यांवर बेन विशॉचा तो किडकिडीत पोरगा त्याला गोळी घालतो. टोळीयुद्ध नाही, सर्बियन मारेकरी नाही. मैत्रीण, म्हणजे सिएना मिलर, पळवली म्हणून. यावर दोनच मतं मान्य आहेत. "मला आधीच कळलं होतं" किंवा "शेवट जमला नाही, त्याला जगू द्यायला हवं होतं". दुसरं मत जास्त लोकप्रिय आहे. सिनेमा ज्याला पायऱ्यांवर मारून टाकतो, त्याला प्रेक्षक हळूच उचलून गाडीत घालतो आणि घरी नेतो.

एवढं सगळं नीट पार पडलं की कुणीतरी विचारेल, "असाच आणखी एखादा सांग ना, युरोपियन." इथे भल्याभल्यांची गाडी घसरते. भीड पडून ते निकोलस विंडिंग रेफ्नचा 'पुशर' सांगून बसतात. १९९६ चा, कोपनहेगनचा. त्यात फ्रँक नावाचा विक्रेता आहे. पोलीस मागे लागतात तेव्हा तो उधारीवर आणलेलं हेरॉइन तळ्यात टाकून मोकळा होतो आणि मग मिलो नावाच्या पुरवठादाराची उधारी आठवडाभर त्याचा पिच्छा पुरवते. धंदा तोच, उधारी तीच, मारहाणही तीच. पण कॅमेरा हातात धरलेला, खोल्या कळकट, प्रकाश ट्यूबलाइटचा. नायकाला नियम सांगायला सवड नाही, कारण तो सारखा पैसे मागत फिरतोय. बघताना कुणालाही त्याच्यासारखं व्हावंसं वाटत नाही. पाहुणे अर्ध्यात मोबाइल काढतात, आणि दुसऱ्या दिवशी तुमची निवड चुकली असं परस्पर ठरतं.

तेव्हा नाव सुचवताना आधी नायकाचे कपडे बघून घ्या. फ्रँकचं जॅकेट अगदीच सुमार आहे.