नाव लावलं की कविता संपते का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

भाऊ, तुमची प्रतिक्रिया सकाळीच वाचली, दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही म्हणून सविस्तर लिहितोय. एमएच्या मुलांसाठी मी अलंकारांवर जे लिहिलं त्यावर तुमचं म्हणणं असं, की बहिणाबाई कधी शाळेत गेल्या नाहीत, रूपक कशाला म्हणतात हे त्यांना माहीत नव्हतं, मग त्यांच्या अहिराणी गाण्यांना संस्कृतची फूटपट्टी कशाला लावायची, आणि दुसरं म्हणजे आपलं रूपक आणि इंग्रजीतलं मेटाफर एकच असताना पोरांना दोन दोन नावं कशाला पाठ करायला लावायची.

आधी एक सांगतो, बहिणाबाईंची बोली अहिराणी नाही, लेवा गणबोली आहे, जळगाव-यावल-रावेर पट्ट्यात आजही कानावर पडते. आपण खानदेशातले लोकच दोन्ही एक करून टाकतो याचं वाईट वाटतं.

आता मुद्दा. बहिणाबाईंना ही नावं माहीत असायची गरजच नव्हती, गरज आपल्याला आहे, वाचणाऱ्याला. केळीच्या झाडाला कुठे ठाऊक असतं आपण मृगबाग का कांदेबाग, म्हणजे कुठल्या हंगामातली लागवड, पण पाणी-खत देणाऱ्याला ते माहीत नसून चालेल का?

‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ हीच ओळ घ्या, ही उपमा. उपमेय म्हणजे ज्याची तुलना करायची तो संसार, उपमान म्हणजे ज्याच्याशी करायची तो तवा, साधर्म्यवाचक शब्द ‘जसा’, हे तीन भाग कोणालाही सापडतात. चौथा भाग साधारण धर्म, म्हणजे दोघांत सारखं काय, आणि तिथे पोरं पटकन ‘चटके’ लिहितात. बरं, मग भाकरीचं काय करायचं? पुढची ओळ ‘आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर’ अशी आहे ना. सारखेपणा नुसत्या चटक्यात नाहीये, तो ‘आधी’ आणि ‘तंव्हा’ मधे आहे, चटका आणि भाकर दोन्ही त्याच तव्यावरचे आणि त्यांचा क्रम कोणाला उलटा करता येत नाही. हा चौथा भाग शोधायची सवय नसती तर संसारात दुःख असतं एवढंच वाचून आपण पुढे गेलो असतो, आणि तेवढंच काही बाई म्हणत नाहीयेत.

आता ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’. वढाय म्हणजे ओढाळ. इथे ‘जसा’ नाही, मन हेच ढोर, म्हणून रूपक, आणि त्याचा परिणाम लगेच पुढे दिसतो, ‘किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर’ म्हणताना कोणाला हाकलतोय हे वेगळं सांगावं लागत नाही, मनालाच हाकलतोय आपण. पण त्याच कवितेत ‘मन एवढं एवढं, जसा खाकसचा दाना’ (खाकस म्हणजे खसखस) म्हणताना ‘जसा’ आलाच की! असं का? मला वाटतं तिथे माप सांगायचंय, आणि मापायला दोन वस्तू शेजारी शेजारी वेगळ्या ठेवाव्या लागतात, ढोराच्या वेळी मात्र मन आणि ढोर वेगळं ठेवलं तर हाकलणाऱ्याची सगळी दमछाकच निघून जाते. तुम्हाला दुसरं काही वाटेल, वाटू द्या, पण हा प्रश्न पडायला उपमा आणि रूपक यातला फरक माहीत असावा लागतो.

तुमचा खरा राग मला वाटतं नाव लिहून पेन खाली ठेवणाऱ्यांवर आहे, आणि त्यात मी तुमच्याच बाजूला आहे. आपल्या धरणगावच्या बालकवींची ‘औदुंबर’ घ्या, गाइडमधे शेवटच्या ओळीपुढे ‘चेतनगुणोक्ती’, म्हणजे निर्जीव किंवा मानवेतर गोष्टीला माणसासारखं वागवणं, असं लिहिलं की विषय संपला. अहो, आठ ओळींच्या त्या कवितेत गाव आहे, शेतमळे आहेत, पायवाट आहे, पण माणूस एकही नाही, झरा वाहतोय, वाट डोहाकडे चालली आहे, आणि या सगळ्यात पाय पाण्यात टाकून बसलाय तो फक्त औदुंबर. माणसाची बसण्याची ढब झाडाला मिळाली म्हणून माणूस नसल्याचं इतकं जाणवतं. नाव लावल्यावर इथपर्यंत यायचं असतं.

मेटाफरचं म्हणाल तर ते आणि रूपक तंतोतंत एक नाही. ॲरिस्टॉटल उदाहरण देतो, ग्रीक योद्धा अकिलीस सिंहासारखा धावून गेला ही उपमा, आणि नुसतं ‘सिंह धावून गेला’ म्हटलं तर मेटाफर. या दुसऱ्या वाक्यात अकिलीसचं नावच नाही, म्हणजे उपमेय गायब, आणि आपल्याकडे रूपकात उपमेय लागतंच, ‘मन ढोर’ मधे मन आहे तसं. उपमानाने उपमेय गिळून टाकलं तर संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मट त्याला अतिशयोक्तीचा पहिला प्रकार म्हणतो. शाळेत अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं एवढंच शिकवतात, म्हणून प्राध्यापकीसाठीच्या नेट-सेटच्या पेपरात पोरं इथेच अडकतात. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्सने 1936 मधे मेटाफरचे दोन भाग करून त्यांना टेनर आणि व्हेइकल ही नावं दिली, ते आपल्या उपमेय-उपमानाच्या बरंच जवळ जातं, ते जरूर शेजारी ठेवून शिकवा.

आणि हो, आजीच्या जात्यावरच्या ओव्या तुम्ही वहीत उतरवून ठेवल्यात असं लिहिलंय, त्यात असलं काही सापडणार नाही म्हणता. दोन-चार इथे टाका ना भाऊ. ‘जसा’ कुठे आलाय आणि कुठे गाळलाय एवढंच आधी बघू, नावं मागून लावू.