वसईची दुसरी मोहीम

चिमाजी अप्पांना वसई घ्यायला दोन वर्षं लागली. आम्हाला वसईला जायचं नुसतं ठरवायलाच अडीच लागली. अप्पांसमोर पोर्तुगीज होते, मान्य. पण त्यांच्यासोबत आमचा ग्रुप नव्हता.

ग्रुप मीच काढला होता. नाव 'वसई नक्की'. अडीच वर्षांत त्यावर वसई सोडून सगळं आलं: सुप्रभात, हरवलेल्या कुत्र्याचा फोटो, सांधेदुखीवर एरंडेल. डोंबिवलीकरणीचं तान्हं बाळ हे सुरुवातीला न जाण्याचं कारण होतं. ते बाळ परवा तिला म्हणालं, ''आई, तू जाऊन ये ना एकदाची.'' तेव्हा कुठे रविवार मुक्रर झाला.

रविवारी रेल्वेचा ब्लॉक असतो, हे जन्मभर लोकलमध्ये लोंबकळलेल्या पाच माणसांना शनिवारी रात्री साडेअकराला आठवलं. तरी सकाळी साडेसातला दादर असं ठरलं. सगळ्यात लांबची डोंबिवलीकरीण सव्वासातला हजर. मध्य रेल्वेवर तिचा विश्वास नाही, त्यामुळे ती नेहमी एक तास आधी निघते. दादरमध्येच राहणारा दादरकर आठ दहाला आला. ठाणेकराला फोन लावला तर म्हणाला, ''पोचलोच.'' मागे बादलीत नळ सोडल्याचा आवाज स्पष्ट येत होता. बोरिवलीकर बोरिवलीला चढणार होता. चढलाही, पण मागच्या डब्यात, आणि वसईपर्यंत फोनवर ''मी तुम्हाला दिसतोय का?'' विचारत राहिला.

भाईंदरनंतर खाडी लागली तसा मी घसा खाकरला. आठवडाभर वाचून आलो होतो. ''1534 साली गुजरातच्या बहादुरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली. तिथून पुढे 1739 पर्यंत, म्हणजे तब्बल 205 वर्षं, ते हलले नाहीत.''

''आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांसारखे,'' दादरकर म्हणाला आणि सोसायटीच्या गच्चीच्या गळतीवर घसरला. नायगाव आलं तरी गळती थांबली नव्हती. बाजीराव दुसऱ्यानं 1802 च्या 31 डिसेंबरला इथेच इंग्रजांशी तह केला, हे मी खिडकीबाहेर बघत स्वतःलाच सांगितलं.

किल्ल्यात शिरताना वाटलं, आता तरी ऐकतील. आत पडक्या चर्चच्या उंच भिंती, कमानींतून उतरलेल्या वडाच्या मुळ्या, झाडीत हरवलेल्या वाटा. आणि प्रत्येक कमानीखाली एकेक जोडपं. लग्नाआधीचे फोटो काढायला अख्खा पश्चिम उपनगर लोटला होता. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीजांच्या थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर कोरलेला मजकूर अजून दिसतो. मी उकिडवा बसून तो ग्रुपला दाखवत होतो. पाठीमागून आवाज आला, ''काका, झगा!''

बघतो तर माझा बूट एका गुलाबी झग्याच्या शेपटीवर. झगा बाराएक फूट लांब असावा, नवरी त्याच्या पार दुसऱ्या टोकाला होती. पाय उचलला. फोटोग्राफर म्हणाला, ''काका, आता फ्रेममधून पण बाहेर.'' झग्याचं काही वाटलं नाही. 'काका' दोनदा म्हणाला. मी त्रेचाळीसचा आहे. ठाणेकर (तो अकराला रिक्षानं थेट किल्ल्यात उगवला होता) नंतर दिवसभर मला काकाच म्हणत होता.

बारा वाजता बूट चावायला लागला. नवा बूट ट्रिपला घालू नये हे मला चाळिशीपर्यंत कुणी सांगितलं नाही, म्हणजे बायकोनं सांगितलं होतं. लंगडत दर्या दरवाजाकडे निघालो. तिकडे कोळीवाडा, सुकत घातलेली मासळी आणि तिचा असा दरवळ की डोंबिवलीकरणीची भूक चाळवली आणि दादरकराची कायमची गेली. खायला कुणी काय आणलं होतं? ''तिकडे मिळेलच काहीतरी'' असं चौघांनी गृहीत धरलेलं. पाचवी डोंबिवलीकरीण. तिच्या डब्यात मेथीचे ठेपले होते, सहा. पाच माणसांत सहावा ठेपला कुणाचा यावर जी चर्चा झाली, तीत 205 वर्षांचा इतिहास कुणाला सांगणार? शेवटी तो कावळ्यानं नेला.

परतीच्या वाटेवर बोरिवलीकरानं वर बघत विचारलं, ''एवढी चर्च, मग घंटा कुठायत?''

दिवसभरातला पहिला प्रश्न! मी बूट विसरलो. ''मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. एक नाशकात, नारोशंकराच्या देवळावर. एक मेणवलीला. एक भीमाशंकरला.''

''म्हणजे बघण्यासारखं होतं ते आधीच उचलून नेलंय,'' ठाणेकर म्हणाला, ''आणि काका आपल्याला इथे उन्हात घेऊन आले.''

''मग नाशिकला जाऊ या ना!'' डोंबिवलीकरीण.

''पुढच्याच रविवारी!''

''नक्की!''

स्टेशनात पोचेपर्यंत फोन वाजला. ग्रुपचं नाव बदललं होतं: 'नाशिक नक्की'. खाली ठाणेकराचा पहिला संदेश होता, हरवलेल्या कुत्र्याचा.