जुलैत कोकणात येताय? जीन्स घरी ठेवा

आषाढ लागला की पुण्या-मुंबईचे पाहुणे रत्नागिरीत उतरायला लागतात. त्यांच्याकडे नुसतं बघून कळतं की बॅग भरताना ह्यांनी पावसाचा विचार केलाय, घामाचा कुणीच केलेला नाही. वर जाड रेनकोट, आत जीन्स, पायात मोजे आणि स्पोर्ट्‌स शूज. स्टेशनातून रिक्षापर्यंत पोचेस्तोवर माणूस आतून चिंब.

माझं मत विचाराल तर इथे कोरडं राहायचा हट्टच सोडावा. जुलैत आमच्याकडचं तापमान तिशीच्या आसपास असतं, आकडा ऐकून कुणी घाबरणार नाही. पण हवा इतकी दमट की घाम अंगावरून उडत नाही, आणि दोरीवरचा कपडा वाळत नाही तोही त्याचमुळे. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. भिजणार हे धरून चाला आणि कपडा उचलताना एवढंच बघा, हा रात्रभर पंख्याखाली वाळेल का?

जीन्स वाळत नाही. गेल्या पावसात मामेभाऊ गणपतीपुळ्याला जाऊन भिजून आला. ती जीन्स पडवीत दांडीवर टाकली, तर दुसऱ्या दिवशीही कमरेची पट्टी आणि खिसे ओलेच. शेवटी आईने शेगडीवर टोपली पालथी घातली, तान्ह्या बाळाची दुपटी शेकतात तशी, आणि जीन्स तिच्यावर पसरली. "अरे बाबू, एवढं जड घालून देवाला कशाला गेलास?" जाताना ती धुराचा वास घेऊन दमटच बॅगेत गेली.

त्यापेक्षा पातळ सुती शर्ट, गुडघ्याच्या खाली संपणारी सैल पँट आणि खांद्यावर पंचा. टॉवेल आणूच नका, तो एकदा ओला झाला की कुबट वास धरतो. पंचा पिळून झटकला की पुन्हा कामाला तयार. काही देवळांनी अलीकडे वस्त्रसंहिता लावली आहे, तिथे हाफ पँटवरून हाच पंचा गुंडाळला की बहुतेक ठिकाणी भागतं. बायकांनी लेगिंग आणि चुडीदार टाळावा, ओला झाला की पायाला असा चिकटतो की सोलूनच काढावा लागतो. पलाझोचा घेर चिखल पुसत चालतो. आखूड कुर्ता आणि घोट्याच्या वर राहणारी सुती पँट, बास. पांढरं काही आणायचं असेल तर लाल मातीला दान दिलं समजा.

रेनकोट फक्त दुचाकीवर. भातलावणीला वापरायचं ते इरलं ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. बांबूच्या कामट्यांत पानं बसवलेली, डोक्यावरून पाठीवर उतरणारं, पुढून सगळं उघडं. वाकलेल्या बाईची पाठ कोरडी राहते आणि पुढून वारा लागतो. आता शेतात त्याच्या जागी प्लास्टिकचा कागद आलाय, पण पुढची बाजू अजूनही मोकळीच ठेवतात. गावात फिरताना इरलं कोण घालणार, म्हणून लांब दांड्याची काळी छत्री. ती तीन घड्यांची चिमुकली छत्री मांडवीच्या किनाऱ्यावरच्या वाऱ्यात एकदाच उघडते.

पायांचं मात्र नीट ऐका. आमच्याकडे पायऱ्या, पाखाड्या (म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटा) सगळ्या जांभ्या दगडाच्या, आणि पावसात त्यांवर शेवाळ धरतं. गुळगुळीत तळाची स्लीपर म्हणजे कंबर मोडायची सोय, वर पाठीपर्यंत चिखलाची नक्षी. बुटात पाणी गेलं तर ते बाहेर येत नाही आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. मागे पट्टा असलेली, तळाला खाचा असलेली रबरी सँडल घ्या, बाजारात स्वस्तात मिळते. पायाला जखम असेल तर हौसेने शेतातल्या पाण्यात उतरू नका. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून जखमेवाटे अंगात शिरणारा ताप, ही कोकणात थट्टेची गोष्ट नाही. रात्री पाय धुऊन, बेचके कोरडे पुसून मगच झोपा.

आणि परतीच्या गाडीसाठी कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून बॅगेच्या तळाशी ठेवा. मधे कितीही मोह झाला तरी ती गाठ सोडायची नाही. एसी डब्यात ओल्या कपड्यांनी बसलात तर पनवेल येईपर्यंत दात वाजत राहतात.